पट्टीवरची चुकलेली वेलांटी

माझा लॅपटॉप सेकंडहँड आहे. बारा इंची पडदा, ४ जीबी रॅम, आणि त्या पडद्यावर १३६६ बाय ७६८ ठिपक्यांची जागा. एवढ्याशा जागेत मी दिवसाचे सात-आठ तास मुद्रितं, म्हणजे पुस्तकांची छापण्याआधीची प्रुफं, वाचते. डावीकडे लेखकाची मूळ प्रत, उजवीकडे जुळणी होऊन आलेली पीडीएफ, आणि अडलं की शब्दकोश. तिन्ही एकदम समोर हवीत, पण दिसायची एकच. बाकीच्या दोन तिच्यामागे दडलेल्या. ऑल्ट-टॅब करत त्या शोधायच्या, आणि सापडेपर्यंत मूळ प्रतीत आपण कुठल्या ओळीवर होतो ते विसरून जायचं. हे काम केलेल्यांना ठाऊक आहे, डोळा ओळीवरून उठला की चूक नेमकी तिथेच निसटते.

गणपतीत भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अर्धा तास माझ्या मागे उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, तुला टायलिंग विंडो मॅनेजर पाहिजे."

"मला आत्ता चहा पाहिजे. तू सांग, मी ऐकते."

त्याने सांगितलं ते असं. लिनक्स या संगणकप्रणालीत खिडक्या कुठे उघडायच्या, किती मोठ्या ठेवायच्या, हे ठरवणारा एक वेगळाच प्रोग्रॅम असतो. तयार डेस्कटॉप घेतला की त्याच्यासोबत तो येतो, आणि त्याच्याबरोबर आणखी पन्नास गोष्टी येतात. पण तो एकटाही चालवता येतो. टायलिंग प्रकारातले मॅनेजर खिडक्या एकमेकींवर येऊच देत नाहीत. पहिली उघडली की तिला सगळा पडदा, दुसरी आली की अर्धा-अर्धा, तिसरी आली की आणखी वाटणी. फरशा बसवाव्यात तसं. माऊसने ओढाओढ नाही, सगळं कळफलकावरून. आणि हलकं इतकं की माझ्या लॅपटॉपचा पंखासुद्धा फिरायचा नाही.

पंख्याचं ऐकून मी फितूर झाले. काहीही न उघडता नुसतं लॉगिन केलं तरी माझी सव्वा जीबी रॅम खर्च झालेली असायची. त्यावर लिबरऑफिस आणि ब्राउझर उघडला की हा पंखा गिरणीसारखा सुरू.

त्याने सुचवलेला मॅनेजर होता डीडब्ल्यूएम. आन्सेल्म गार्बे यांनी २००६ साली सुरू केलेला. सगळा सी भाषेत, आणि मूळ कोड दोन हजार ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही हा त्यांचा नेम. मला हे मनापासून आवडलं. पुस्तकाची पानं वाढू न देणारे संपादक मी पाहिलेत, पण इतके कडक नाहीत. याला वेगळी सेटिंगची फाइल नसते, बटणं-बिटणं तर नाहीतच. बदल हवा असेल तर कॉन्फिग डॉट एच नावाच्या फाइलीत कोड बदलायचा आणि प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे त्या कोडवरून नव्याने बांधून घ्यायचा. त्यांच्या संकेतस्थळावर तर उघडच म्हटलंय की यामुळे वापरणारे मोजके राहतात आणि नवशिक्यांचे बावळट प्रश्न येत नाहीत. भाच्याला हे वाचून स्फुरण चढलं होतं. मी त्या नवशिक्यांपैकी आहे याची मी त्याला आठवण करून दिली.

लॅपटॉपवर डेबियन १२ आहे, लिनक्सचाच एक प्रकार. कंपाइलर आणि एक्स-इलेव्हन, एक्सएफटी, झिनेरामा यांची डेव्हलपमेंटची पॅकेजं टाकली, कोड उतरवला, मेक क्लीन इन्स्टॉल ही आज्ञा दिली. दहा सेकंदांच्या आत काम झालं. आपण हाताने कंपाइल केलेलं लॉगिनच्या पडद्यावर आपोआप दिसत नाही, त्यासाठी एक पाच ओळींची डेस्कटॉप फाइल लिहून ठेवावी लागते. एवढं करून भाचा पुण्याला गेला आणि मी एकटी उरले.

लॉगिन केलं. काळा पडदा. वर एक बारीक पट्टी, तिच्यात डावीकडे एक ते नऊ आकडे, उजवीकडे आवृत्तीचं नाव. बस. माऊस फिरवला, काही नाही. उजवं क्लिक केलं, काही नाही. भाच्याने जाताना एका रद्द मुद्रिताच्या पाठीवर लिहून दिलं होतं: ऑल्ट-शिफ्ट-एंटर म्हणजे टर्मिनल, ऑल्ट-पी म्हणजे प्रोग्रॅम शोधायची पट्टी, ऑल्ट-शिफ्ट-सी म्हणजे खिडकी बंद, ऑल्ट-शिफ्ट-क्यू म्हणजे सगळंच बंद. यातल्या शेवटच्या दोघांत बोट चुकवून मी पहिल्या दोन रात्रींत तीनदा सगळंच बंद केलं. पुढचे पंधरा दिवस क्रम असा होता: दिवसा जुन्या डेस्कटॉपवर पोटापाण्याचं काम, रात्री जेवणं आटोपली की डीडब्ल्यूएमशी झटापट.

पण खिडक्यांची वाटणी पहिल्या रात्रीच पटली. डीडब्ल्यूएम एका खिडकीला मुख्य मानतो, तिला डावीकडे पडद्याचा ५५ टक्के भाग देतो, आणि बाकीच्या उजवीकडे एकीखाली एक रचतो. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे वर मुद्रित, खाली शब्दकोश. मला हवं होतं तेच, काहीही न सांगता. जुन्या छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा मुद्रितावर खुणा करायचा. ते दोघे शेजारीशेजारी बसलेले मला पडद्यावर दिसले.

मग सजावट. वरच्या आकड्यांना डीडब्ल्यूएममध्ये टॅग म्हणतात. एकेका टॅगवर एकेका कामाच्या खिडक्या ठेवता येतात. मी म्हटलं, एक-दोन-तीन काय म्हणून, नावं देऊ. कॉन्फिग डॉट एचमध्ये टॅगांची यादी अवतरणचिन्हांत असते, त्यात लेखन, मुद्रितं, शब्दकोश, पत्रं, किरकोळ अशी नावं घातली, उरलेल्यांचे आकडे तसेच ठेवले. कंपाइल केलं. एकही तक्रार नाही. पुन्हा लॉगिन केलं तर पट्टीवर पहिला टॅग भलताच लांब, आणि नऊच्या बटणाला प्रतिसादच नाही. टॅग आठच भरत होते.

मी तासभर फाइल वाचली. मग माझ्या नेहमीच्या पद्धतीने वाचली, म्हणजे ओळीखाली पट्टी धरून, एकेक चिन्ह मोठ्याने म्हणत. अवतरण, लेखन, अवतरण, पुढे… पुढे काहीच नाही. "लेखन" आणि "मुद्रितं" यांच्यामध्ये स्वल्पविराम नव्हता. सी भाषेचा नियम असा की दोन अवतरणांतले मजकूर नुसते शेजारी ठेवले तर ते मुकाट्याने जोडले जातात. चूक धरली जात नाही, कारण ती चूकच नाही. दोघांचा मिळून एक टॅग. बावीस वर्षं लोकांचे स्वल्पविराम भरणाऱ्या बाईचा स्वल्पविराम गळला होता, आणि कंपाइलरने तो मुद्रितशोधकासारखा समासात खूण करून परत पाठवला नव्हता. हे मी भाच्याला बरेच दिवस सांगितलं नाही.

स्वल्पविराम घातला. टॅग नऊ झाले. आणि मग मला पट्टीवर खरंच काय लिहिलंय ते दिसलं.

"लेखन" ठीक होतं. दुसऱ्या टॅगवर होतं "मुद्‌रतिं". "पत्रं"चं झालं होतं "पत्‌रं". आणि "किरकोळ"चं "करिकोळ".

मला आधी वाटलं, टंकलेखनात गडबड झाली. फाइल उघडली, तिथे सगळं बरोबर. फाँट बदलला. लोहित लावला, नोटो लावला, पुन्हा कंपाइल, पुन्हा लॉगिन, वळण बदललं पण चूक तीच. मग एक पीडीएफ उघडली. फाइलीचं नाव होतं "अंतिम वाचन", आणि डीडब्ल्यूएम उघड्या खिडकीचं नाव पट्टीवर दाखवतो. तिथे आलं "अंतमि वाचन".

भाच्याला फोन केला. त्याने शोधून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. संगणकात "कि" साठवताना आधी क आणि मग पहिली वेलांटी अशी साठवलेली असते, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. दाखवताना मात्र वेलांटी उचलून क-च्या आधी न्यावी लागते. "त्र" दाखवायचा तर त, पाय मोडल्याची खूण आणि र, या तिघांना मिळून एक वेगळं अक्षर-चित्र फाँटमधून काढावं लागतं. हे काम फाँट स्वतःहून करत नाही. त्याच्यात सामग्री असते; ती वाचून अक्षरं रचणारा वेगळा जुळारी लागतो. लिनक्सवर ते काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. (हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडा, ओपनटाइप या शब्दाचं सरळ फारसी भाषांतर. असं नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार.) डीडब्ल्यूएमच्या दोन हजार ओळींत हा जुळारी बसत नाही. तो एक्सएफटीला, म्हणजे पडद्यावर अक्षरं काढणाऱ्या लायब्ररीला, ती साठवलेल्या क्रमाने एकामागून एक काढायला सांगतो. इंग्रजीला तेवढं पुरतं. आपल्याकडे मात्र "द"चा पाय उघडा राहतो आणि "र"ची वेलांटी "त"च्या गळ्यात पडते.

छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस पहिली वेलांटी आधी लावायचा आणि अक्षर मागून. मराठी टाइपरायटरवरही वेलांटी आधी मारायची. त्यांना कुणी युनिकोड शिकवला नव्हता, पण पानावर काय दिसायला हवं ते त्यांना माहीत होतं.

"मावशी, टॅगना इंग्रजी नावं दे ना," भाचा म्हणाला. "लेख्, प्रूफ्, डिक्ट्. मी पण तसंच ठेवलंय."

"आणि फाइलींची नावं?"

तो गप्प झाला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक फाइलीचं नाव मराठीत असतं. दिवसभर कामाच्या वरच्या कडेला "अंतमि" बघत मी "अंतिम"मधली वेलांटी तपासायची? डोळ्याला एकदा चुकीची सवय लागली की ती बरोबर दिसायला लागते. या धंद्यात तेवढंच भांडवल आहे.

ऑनलाइन मिळणारी ठिगळं लावूनही पाहिली. डीडब्ल्यूएममध्ये नसलेली सोय हवी असेल तर लोकांनी लिहून ठेवलेले पॅच असतात, ते मूळ कोडला जोडायचे. पहिला बिनतक्रार लागला. दुसऱ्याने पहिल्याच्याच ओळींना हात घातला, आणि "हंक फेल्ड" असं म्हणत एक नाकारलेल्या तुकड्यांची फाइल माझ्या हातात ठेवली. ती फाइल म्हणजे दोन संपादकांनी एकाच परिच्छेदावर वेगवेगळ्या शाईने केलेल्या खुणा. मी सोडून दिलं.

यात डीडब्ल्यूएमला नावं ठेवायची नाहीत मला. त्याने हलकं राहायचं ठरवलं आणि तो राहिला. फक्त वजन उतरवताना जे खाली ठेवलं त्यात माझी जोडाक्षरं होती.

मग आय-थ्री, दुसरा टायलिंग मॅनेजर. हा मिखाएल श्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेला. यालाही फार काही लागत नाही, पण हा अक्षरं काढायला पँगो नावाची लायब्ररी वापरतो, आणि पँगोच्या आत तोच हार्फबझ बसलेला असतो. डेबियनवर नुसतं आय-थ्री असं पॅकेज टाकलं की मॅनेजर, खालची पट्टी, तिच्यावर माहिती देणारा आय-थ्री-स्टेटस आणि पडदा कुलूपबंद करणारा आय-थ्री-लॉक, सगळे एकदम येतात. पहिल्यांदा लॉगिन केल्यावर तो विचारतो, सेटिंगची फाइल तयार करून देऊ का, आणि मुख्य बटण कुठलं ठेवायचं, विंडोजचं की ऑल्ट. मी विंडोजचं ठेवलं. ऑल्ट लिबरऑफिसला लागतं.

याची कॉन्फिग साध्या मजकुराची फाइल आहे, दोनेकशे ओळींची. कंपाइल नाही. बदल करायचा, मुख्य बटण-शिफ्ट-सी दाबायचं, लगेच लागू. मी पहिली ओळ बदलली ती फाँटची: पँगो, मुक्ता, आकार १०. मुक्ता हा मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा फाँट, बारीक आकारातही त्याच्या मात्रा चिकटत नाहीत. तेव्हाच "अंतिम वाचन"ची पीडीएफ उघडली. खिडकीच्या माथ्यावर "अंतिम वाचन" असंच आलं. वेलांटी त-च्या आधी, जिथे हवी तिथे. मी पाच मिनिटं नुसती बघत बसले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. दोन मिनिटं.

आय-थ्रीत टॅग नसतात, वर्कस्पेस असतात. मी पुन्हा नावं द्यायला बसले, आणि या वेळी हौस जरा जास्त झाली. आकडेही मराठी हवेत. "१ लेखन", "२ मुद्रितं", "३ शब्दकोश". साठवलं, रीलोड केलं, मुख्य बटण आणि एक दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली: या शॉर्टकटसाठी दिलेली आज्ञा पाळता आली नाही. आय-थ्रीची ही लाल पट्टी मला फार आवडते. डीडब्ल्यूएम चुकीबद्दल गप्प बसला होता. हा निदान समासात लाल रेघ ओढतो.

भानगड अशी होती की वर्कस्पेसवर जायची आज्ञा नावाच्या सुरुवातीचा आकडा वाचते, आणि तिला फक्त इंग्रजी आकडे वाचता येतात. मराठी एक हा तिच्या लेखी आकडाच नाही. आज्ञेतला "नंबर" हा शब्द काढला तर वर्कस्पेस उघडतात, पण मग क्रम राहत नाही. जो आधी उघडला तो पट्टीवर आधी. शेवटी तोड निघाली. नावाच्या पुढे इंग्रजी एक, मग अपूर्णविराम, मग "१ लेखन". आणि पट्टीच्या सेटिंगमध्ये एक ओळ, की पुढचा आकडा दाखवू नकोस. आता आय-थ्री त्याचा इंग्रजी एक वाचतो, मला माझा मराठी दिसतो, आणि दोघांचं एकमेकांवाचून अडत नाही.

कळफलकाने मात्र एक दुपार खाल्ली. जुन्या डेस्कटॉपवर भाषा बदलायची सोय कोपऱ्यात आयती असायची. इथे ती आपण सांगायची. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकाच्या मांडणीवर, टाइप करते. शोधल्यावर सेटएक्सकेबीमॅप ही आज्ञा मिळाली: तिच्यापुढे "इन" लिहिलं की देवनागरी, "यूएस" लिहिलं की इंग्रजी. मी दोन शॉर्टकट केले. मुख्य बटण आणि एम म्हणजे मराठी, मुख्य बटण आणि आय म्हणजे इंग्रजी. स्वतःवर खूश होऊन एम दाबलं. मराठी आली. दोन परिच्छेद टाइप केले. मग आय दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मुख्य बटण-डी, म्हणजे प्रोग्रॅम शोधायची पट्टी, तीही नाही. शिफ्ट-सी नाही, शिफ्ट-ई नाही. संध्याकाळी पाचला एक प्रकरण पाठवायचं होतं आणि सव्वातीन झाले होते.

झालं असं होतं की मी कळफलक बदलला नव्हता, इंग्रजी कळफलक काढूनच टाकला होता. आय-थ्रीने "आय" या अक्षरावर शॉर्टकट बांधला होता, आणि आता त्या अख्ख्या कळफलकावर आय नावाचं अक्षरच उरलं नव्हतं. त्या जागी ग होता. एंटरला भाषा नसते, म्हणून मुख्य बटण-एंटर चाललं आणि टर्मिनल उघडलं. मी त्यात आज्ञा टाइप केली. पडद्यावर उमटलं:

ेाूंकवसोज हे

कमांड नॉट फाउंड. हीच ती सेटएक्सकेबीमॅप यूएस, इनस्क्रिप्टच्या बोटांनी. एस-ला एक मात्रा, ई-ला काना, टी-ला दुसरा उकार, आणि कुठेही टेकायला अक्षर नाही. एरवी मी हसले असते.

भाचा तासाला बसला होता, फोन उचलेना. मी पडद्याकडे बघत राहिले. डावीकडे कॉन्फिगची फाइल अजून उघडी होती, आणि तिच्यात माझीच ओळ दिसत होती: मुख्य बटण आणि आय, पुढे सेटएक्सकेबीमॅप यूएस. अक्षरं तिथे तयार होती, फक्त उचलून आणायची होती. माऊसने तेवढे दोन शब्द निवडले, टर्मिनलवर गेले, मधलं बटण दाबलं. लिनक्समध्ये निवडलेला मजकूर मधल्या बटणाने चिकटतो, कंट्रोल-सी वगैरे लागत नाही. एंटर. सगळे शॉर्टकट परत जागेवर. टाइप करता येत नसेल तर तयार खिळे उचलून लावायचे, एवढंच.

योग्य रीत नंतर आय-थ्रीच्या मार्गदर्शिकेत सापडली. ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली. फार नीट लिहिलेली आहे. दोन्ही भाषा एकाच आज्ञेत, स्वल्पविराम देऊन सांगायच्या, इंग्रजी आधी. मग आय-थ्री शॉर्टकट पहिल्या भाषेतून समजून घेतो आणि कुठलीही भाषा चालू असली तरी पाळतो. जोडीला दोन पर्याय घातले. कॅप्स लॉक दाबलं की भाषा बदलते, आणि मराठी चालू असताना कॅप्स लॉकचा दिवा लागतो. देवनागरीला कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा ते बटण इतकी वर्षं फुकट पगार खात होतं.

पुन्हा स्वल्पविरामच. आता मी तो आधी तपासते.

बाकीच्या गोष्टी आठवड्याभरात एकेक करून लागल्या. डेस्कटॉप गेला की त्याच्याबरोबर काय काय गेलं ते गरज पडल्यावरच कळतं. वायफायचं चिन्ह हवं तर एनएम-ॲपलेट सुरू करायला सांगा. एक ज्येष्ठ लेखक अजून पेन ड्राइव्हच पाठवतात, तो आपोआप उघडावा म्हणून युडिस्की. पडद्याचा उजेड कमी-जास्त करणारी बटणं आपण जोडून द्यायची. प्रोग्रॅम शोधायला आयता आलेला डीमेनू हा डीडब्ल्यूएमच्याच घरातला, म्हणजे वेलांटीची तीच कथा. त्याच्या जागी रोफी आणला, तो पँगो वापरतो. तारखेसाठी आय-थ्री-स्टेटसला मराठी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, सांगता येतो, आधी तेवढा लोकेल डेबियनमध्ये तयार करून घ्यावा लागतो. आता खाली उजव्या कोपऱ्यात "मंगळवार" दिसतो. खिडक्यांमध्ये मोकळी जागा सोडायची सोय आवृत्ती ४.२२ पासून आतच आहे. लोक त्यावर जीव टाकतात. माझ्या बारा इंचांत मोकळी जागा सोडणं म्हणजे चाळीतल्या खोलीत अंगण आखणं, तेव्हा ते शून्य.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता ती मांडणी मात्र आय-थ्रीत आपोआप होत नाही. पुढची खिडकी शेजारी पडेल की खाली, ते आधी सांगावं लागतं; एच दाबलं की शेजारी, व्ही दाबलं की खाली. सुरुवातीला डीडब्ल्यूएमची आठवण यायची. मग बोटांना वळण लागलं: मूळ प्रत, एच, मुद्रित, व्ही, शब्दकोश. शब्दकोशाच्या जागी दोन-तीन खिडक्या असतात, त्या मुख्य बटण-डब्ल्यूने एकाच चौकटीत टॅबसारख्या लावते. मांडणी साठवून ठेवायचीही सोय आहे, पण ती फाइल हाताने नीट करावी लागते. दोनदा बसले, दोनदा उठले. तीन कळा दाबायला सेकंदही लागत नाही.

सगळ्यात जास्त वापरते ते स्क्रॅचपॅड. एखादी खिडकी नजरेआड ठेवून द्यायची, आणि एका कळीसरशी ती मधोमध तरंगत पुढे यावी, पुन्हा दाबलं की गडप. माझ्या स्क्रॅचपॅडमध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या अठरा लेखन-नियमांची फाइल आहे. पूर्वी त्याची झेरॉक्स टेबलाच्या काचेखाली होती, चहाचे डाग पडलेली. नियम पाठ आहेत. तरी सामासिक शब्दांतल्या ऱ्हस्व-दीर्घापाशी दिवसातून एकदा ती कळ दाबली जातेच.

लॉगिननंतर रॅम आता चारशे एमबीच्या आत असते. पंखा बंद नाही झाला, ब्राउझर उघडला की फिरतोच, पण गिरणी थांबली. टर्मिनलमध्ये मात्र अजून "मुद्‌रतिं"च येतं. बऱ्याच टर्मिनलांत प्रत्येक अक्षराला एक ठरावीक चौकोन असतो, आणि आपली जोडाक्षरं चौकोनात बसायला नकार देतात. तिथे मी फाइली हलवण्यापुरतीच जाते, आणि वाचत नाही.

दिवाळीत भाचा पुन्हा आला. लॅपटॉप उघडून सवयीने ऑल्ट-पी दाबलं, काही झालं नाही. मग माझी कॉन्फिग उघडून खालीपर्यंत वाचली. तिच्यात जागोजागी मी मराठीत टिपा लिहिल्यात: कुठली ओळ का, कधी घातली, कशाने बिघडली होती.

"मावशी, हे सगळं तू हाताने लिहिलंस?"

"दुसरं कोण लिहिणार?"

"आणि काका वापरतात हे?"

काका वापरत नाहीत. त्यांनी एकदा विजेचं बिल भरायला लॅपटॉप घेतला, कोपऱ्यातला फुलीचा चौकोन शोधला, तो सापडेना, तेव्हा चालू बटण दाबून धरून लॅपटॉपच बंद केला. त्यात माझं अर्धं प्रकरण गेलं. तेव्हापासून लॉगिनच्या पडद्यावर त्यांच्या नावाचं वेगळं खातं आहे, त्यात जुना डेस्कटॉप तसाच ठेवलाय. फुलीच्या चौकोनासकट.